मदत हवी आहे : स्वतःच्या सवडीने यिडिश शिकण्यासाठी दूरस्थ अभ्यासक्रम

यिडिशचा (पूर्व युरोपातील ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी, जर्मनशी नाते असलेली भाषा) प्राथमिक अभ्यास मी ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर सुरू केला आहे. लिपी सावकाश का होईना वाचता येते आणि जर्मन येत असल्यामुळे व्याकरणाचे फारसे अडत नाही. मात्र तिथले लेखन ‘यीवो’ या यिडिश संशोधन संस्थेच्या प्रमाण नियमांनुसार असले तरी उच्चार हासिदी (एका कर्मठ ज्यू पंथाच्या) वळणाचे आहेत, प्रमाण उच्चारातले ‘गुट’ (चांगले) तिथे ‘गिट’ असे ऐकू येते आणि इतर ध्वनिफिती ऐकताना गोंधळ उडतो. त्याहून मोठी अडचण हिब्रू-अरामी मूळ असलेल्या शब्दांची आहे. ते मूळ वर्णलेखनानेच लिहिले जातात, त्यामुळे ‘शाबेस’ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) हा शब्द शिन, बेस, सोफ अशा तीनच अक्षरांत, स्वरांवाचून समोर येतो आणि उच्चार आधी ठाऊक नसेल तर नुसता पाहून कळण्याची सोय नाही. शब्दयाद्या पाठ करून पाहिल्या. यादीतला शब्द मजकुरात आला की ओळखू येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये सायंकाळी भरणारे थेट वर्ग आपल्याकडे पहाटे येतात, ते नोकरीमुळे जमणार नाहीत. संभाषणापेक्षा ‘फोरव्हर्ट्स’सारख्या यिडिश वृत्तपत्रांचे जुने अंक वाचता यावेत, एवढाच हेतू आहे (त्यांचे वर्णलेखन आणखी निराळे, पण ते पुढचे पुढे).

प्रमाण उच्चारांच्या ध्वनिफिती असलेला, लेखी स्वाध्याय तपासून देणारा आणि वेळेचे बंधन नसलेला अभ्यासक्रम कोणी स्वतः पूर्ण केला आहे का, आणि त्यात हे हिब्रू मूळचे शब्द कोणत्या टप्प्यावर व कसे शिकवतात?