रॅम ओव्हरक्लॉक करून ११ नॅनोसेकंद वाचवले. खरा फायदा की आकड्यांचा नाद?

खुरापती: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ ६००० सीएल३६ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या. नुसता एक्स्पो (पट्टीत साठवलेलं तयार वेगवान सेटिंग) लावला तर आयडा६४ या चाचणी-सॉफ्टवेअरमध्ये लेटन्सी (मागितलेला डेटा रॅममधून यायला लागणारा वेळ) ७७ नॅनोसेकंद. दोन रविवार घालवून सीएल (वाचायला सांगितल्यापासून डेटा येईपर्यंतची चक्रं) ३० केला, टीआरपी (रो, म्हणजे सेलची उघडी ओळ, बंद करायची चक्रं) ६ ने उतरवला, टीरेफी (सेलमधला भार पुन्हा भरण्याच्या, म्हणजे रिफ्रेशच्या, दोन वेळांमधली चक्रं) थेट ६५५३५. आता ६६! माझं मत स्पष्ट आहे: एक्स्पो लावून गप्प बसणारे फुकटचा वेग सोडून देतात. विरोध करा, पण आकडे घेऊन या.

हिशेबनीस: घ्या आकडे. सीएल ही चक्रांची संख्या आहे, वेळ नव्हे. ६००० ला एक चक्र नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाचं. म्हणजे ३६ चे झाले १२ नॅनोसेकंद, ३० चे १०. वाचले २. (डीडीआर४ ३२०० सीएल१६ चेही १०च होतात, म्हणून नव्या पट्टीचा तोरा मला कळत नाही.) बाकीचे ९ कुठून आणलेत? दोन्ही वेळा मशीन सारख्याच स्थितीत होतं का?

मधलीसुट्टी: हिशेबनीस, तुमचा हिशेब अर्धा आहे. रॅममध्ये आधीची रो उघडी असेल तर ती बंद करायची, नवी उघडायची, मग वाचायचं. बंद करायला टीआरपी, उघडायला टीआरसीडी, वाचायला सीएल, सगळे लागतात. सीएल आणि टीआरपी दोन्ही ६ ने उतरले तर तिथेच ४ नॅनोसेकंद गेले. रिफ्रेशसाठी थांबणं कमी झालं, त्याचेही थोडे.

खुरापती: कबूल करतो, पहिल्या वेळी ब्राउझर उघडा होता. आता रीस्टार्ट करून, थोडं थांबून दोन्ही सेटिंग पाच-पाच वेळा मोजली. मधला आकडा ७३.१ आणि ६६.४. एकाच सेटिंगवरही १ इकडेतिकडे होतो. म्हणजे ११ नाही, ७ च्या आसपास. तरी ७ काय कमी आहेत?

उंटावरचा: कशासाठी ७, ते सांगा. ती चाचणी मुद्दाम वाईटात वाईट स्थिती उभी करते. एकच थ्रेड, आणि पुढचा पत्ता आधीचं वाचून झाल्याशिवाय कळतच नाही, त्यामुळे पुढचा डेटा आधीच आणून ठेवणारा प्रीफेचर हात चोळत बसतो. गेम असा चालत नाही. शिवाय ७८००एक्स३डी प्रोसेसरवाल्याकडे ९६ एमबी एल३ (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) आहे, त्याचं बरंचसं काम रॅमपर्यंत जातच नाही. ४के वर खेळणाऱ्याचं घोडं तर ग्राफिक्स कार्डापाशीच अडतं. खुरापती, तुमचा गेम किती फ्रेमनी पळाला? ते लिहिलंच नाहीत.

खुरापती: माझा एल३ ३२ एमबी, स्क्रीन १०८०पी. सरासरी फ्रेम जवळपास तेवढ्याच. पण गर्दीच्या दृश्यात मधेच बसणारे झटके कमी झालेत.

उंटावरचा: मोजलेत की वाटलं?

खुरापती: वाटलं. मोजतो.

नवशिका_पनवेल: दादा, दुकानदार डीडीआर५ ८००० वेगाचा किट घ्या म्हणतोय. ७६०० लाच लावायचाय. घेऊ का?

मधलीसुट्टी: नको. एवढ्या वेगाला मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) निम्म्या गतीवर जातो. कागदावर बँडविड्थ वाढते, लेटन्सीत ६००० च्या चांगल्या किटपुढे पदरात फारसं काही पडत नाही. पैसे वाचवा.

ऑरेंजसिटी: राजेहो, टीरेफीवर कोणीच का बोलत नाही? डीडीआर५ चा नेहमीचा रिफ्रेश सरासरी ३.९ मायक्रोसेकंदांनी होतो. ६००० ला ६५५३५ म्हणजे जवळपास २२, साडेपाच पट उशीर. सेलमधला भार गळत असतो आणि पट्टी तापली की आणखी भराभर गळतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात खोलीच तापलेली असते. डिसेंबरात पास झालेलं हेच सेटिंग माझ्याकडे मेमध्ये झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा बिघडल्याची खूण) द्यायला लागलं. लग्नाच्या फोटोंची झिप होती हो! बायकोला अजून सांगितलं नाही.

हिशेबनीस: पण डीडीआर५ मध्ये ऑन-डाय ईसीसी (चिपमध्येच चूक-दुरुस्ती) असतं ना?

ऑरेंजसिटी: ते चिपच्या आतल्या आत एका बिटची चूक निस्तरतं आणि वर कळवतही नाही. सगळं आलबेल वाटत राहतं. आयडाचा आकडा सुंदर आला म्हणजे रॅम स्थिर झाली असं नव्हे. खुरापती, रॅमच्या चुका शोधणारं टेस्टमेम५ किती वेळ चालवलंत?

खुरापती: वीस मिनिटं.

ऑरेंजसिटी: रात्रभर लावा. पंखा बंद करून.

खुरापती: लावलं होतं. सकाळी तीन एरर. टीरेफी ५०००० केला, आता ६६.९. आज रात्री परत लावतोय. आणि उंटावरचे, झटके मोजले: फरक आहे, पण मला वाटला होता त्याच्या निम्मा.

उंटावरचा: निम्मा का होईना, मोजलात हे बरं केलंत. मी माझा एक्स्पो हलवणार नाही.