लास वेगासच्या कॅसिनोंमधलं पार्किंग : तुमचे अनुभव सांगा

२०१६च्या जूनपर्यंत स्ट्रिपवरच्या (वेगासमधला कॅसिनो-हॉटेलांचा मुख्य रस्ता) बहुतेक कॅसिनोंत गाडी फुकट लावता यायची. कॅसिनोवाल्यांचा हिशेब सरळ होता, माणूस आत आला की खिसा हलका होतोच. मग एमजीएम रिसॉर्ट्सने शुल्क लावलं, पाठोपाठ सीझर्सने (दोन्ही अनेक कॅसिनो-हॉटेलं चालवणाऱ्या कंपन्या). २०२३च्या अखेरीस व्हेनेशियन या हॉटेलाचाही नंबर लागला. मध्ये कोविडनंतर एमजीएमची हॉटेलं उघडली तेव्हा पार्किंग फुकट होतं. २०२१मध्ये गर्दी परतली, शुल्कही परतलं. आमच्याकडे वेगासचा विषय निघाला की हल्ली शोपेक्षा पार्किंगवरच जास्त बोललं जातं, म्हणून हा धागा. हॉटेलचं नाव नको, प्रसंग नीट सांगा.

लॉस एंजेलिसहून
आम्ही आय-१५ महामार्गाने येतो, म्हणजे गाडी असणारच. खोलीचं भाडं बघून बुकिंग केलं. त्यावर दर रात्रीची रिसॉर्ट फी, तीत वायफाय आणि जिम (जिमचं दारही पाहिलं नाही). काउंटरवर विचारलं, पार्किंग यातच ना? बाई गोड हसून म्हणाली, नाही, ते वेगळं, तेही दर रात्रीचं. पंगतीला बोलवायचं आणि पाटाचं भाडं मागायचं! आकडा बुकिंगच्या वेळीच ठळक दिसला असता तर एवढी चिडचिड झाली नसती.

हेंडरसनहून
नेवाडाचं लायसन्स दाखवलं की एमजीएम आणि सीझर्सकडे आम्हाला पहिले तीन तास फुकट. पण गाडी लावून आत पोचणं, जेवण, शो आणि परत गाडी शोधणं एवढं तीन तासांत बसवून दाखवा. शेवटच्या गाण्याला आमच्या ह्यांचं लक्ष घड्याळाकडे. आता पाहुणे आले तरच स्ट्रिपवर जातो, एरवी स्ट्रिपबाहेरचे कॅसिनो, रेड रॉक नाहीतर साउथ पॉइंट. नव्याने राहायला आलेल्यांनो, जुन्या राज्याच्या लायसन्सवर ही सवलत नाही.

फिनिक्सहून
मोठा कार्यक्रम सुटल्यावरचं गॅरेज पाहिलंय कुणी? गेटवरचं मशीन कार्ड घेईना, मागे हॉर्न, इंटरकॉमवरचा माणूस म्हणे "पुन्हा घालून बघा". आतल्या किऑस्कवर आधीच पैसे भरता येत होते, पण ते सांगणारी पाटी खांबाआड.

सॅन डिएगोहून
सगळेच शिव्या घालताय, तर थोडी उलट बाजू. एप्रिल २०१६मध्ये स्ट्रिपजवळ टी-मोबाइल अरेना हे सामने-कार्यक्रमांचं मोठं बंदिस्त स्टेडियम सुरू झालं. गॅरेज फुकट असतं तर सामन्याला आलेल्यांनीच ते भरलं असतं आणि हॉटेलातला पाहुणा वर-खाली चकरा मारत बसला असता. आता रिकाम्या जागेवरचा हिरवा दिवा बघून जागा मिळते. कार्यक्रमाच्या दिवशी दर चढवतात, ते मात्र मलाही पटत नाही.

डेन्व्हरहून
जागा मिळते हो, पुढचं काय? आईचे गुडघे दुखतात, म्हणून व्हॅले (दारात गाडी द्यायची, माणूस लावून देतो) घ्यायला गेलो तर ती त्या दिवशी फक्त कॅसिनोच्या सदस्य योजनेतल्या वरच्या श्रेणीवाल्यांसाठी. मग गॅरेज, लिफ्ट, आणि लिफ्टपासून रिसेप्शनपर्यंत स्लॉट मशिन्सच्या रांगाच रांगा. बाहेरच्या बाहेर जायला वाट ठेवलेलीच नाही. आई दोनदा टेकली, दोन्ही वेळा मशीनसमोरच्या खुर्चीवर, कारण दुसरी खुर्चीच नव्हती. गिऱ्हाइकाला मशिनींमधून फिरवायची सोय यांची, आणि त्या सोयीचे पैसे आम्ही भरायचे!

आयर्व्हाइनहून
कामाचं थोडं. एमजीएम रिवॉर्ड्स या त्यांच्या सदस्य योजनेची पर्ल श्रेणी असेल तर स्वतः गाडी लावायला पैसे पडत नाहीत, पण तेवढ्यासाठी जुगार खेळत बसू नका, पार्किंग स्वस्त पडेल. गाडी एका जागी ठेवा. मँडले बे-लक्सॉर-एक्सकॅलिबर ट्राम फुकट आहे, पार्क एमजीएम ते बेलाजिओही. ड्यूस बस स्ट्रिपवर चोवीस तास चालते.

धागाकर्ता
@डेन्व्हर, व्हॅले बंद हे बुकिंग करताना कुठे लिहिलं होतं का? आणि भाड्याची गाडी घेणाऱ्यांना विचारायचंय : नंबरप्लेटवरून पार्किंगचा दंड मागाहून गाडीच्या कंपनीमार्फत आलाय का कुणाला? आमचा आलाय, वर कंपनीचा हाताळणी खर्च. पैसे भरल्याची पावती आहे, तरी पार्किंगवाले आणि गाडीची कंपनी एकमेकांकडे बोट दाखवताहेत. कुणी असं प्रकरण तडीस नेलं असेल तर नेमकं कुणाला लिहिलं ते सांगा.