ऑस्ट्रेलियातील अपक्षांची एकजूट : दोन पक्षांना पर्याय की बिननावाचा तिसरा पक्ष?

धागा (मेलबर्नहून)

लेबर पक्ष किंवा लिबरल-नॅशनल आघाडी, यांपलीकडे मत दिले तर ते वाया जाते, असे मानूनच आमच्यासारख्या इथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनी वर्षानुवर्षे मतदान केले. २०२२ मध्ये आमच्या कूयाँगमध्ये, म्हणजे एकेकाळी पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांचा असलेल्या मतदारसंघात, मोनिक रायन या लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी तत्कालीन अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग यांना हरवले आणि त्याच निवडणुकीत लिबरल पक्षाच्या आणखी पाच जागा अपक्ष महिलांनी जिंकल्या. इथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि त्याचा उमेदवार बाद झाला की त्याचे मत पुढच्या पसंतीला जाते. फ्रायडनबर्ग यांना पहिल्या पसंतीची मते रायन यांच्यापेक्षा अधिक होती. परंतु लेबर आणि ग्रीन्सचे उमेदवार मोजणीतून बाद होत गेले, तशी त्यांच्या मतदारांची पुढची पसंती रायन यांच्याकडे वळली.

'टील' (निळसर हिरवा रंग) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उमेदवारांनी हवामानबदल आणि राजकारणातील सचोटी हे मुद्दे समान ठेवले आणि 'क्लायमेट २००' या निधीची मदत घेतली, पण संसदेत त्यांच्यावर कोणाचाही व्हिप नाही. मूळ धडा मात्र ग्रामीण व्हिक्टोरियातील इंडीचा आहे. तिथे लोकांनी घरोघरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून आधी मतदारसंघाला काय हवे ते ठरवले, मग उमेदवार शोधला, आणि २०१३ मध्ये कॅथी मॅकगोवन ४३९ मतांनी निवडून आल्या. २०१९ मध्ये त्या थांबल्या तेव्हा ती जागा हेलन हेन्स या अपक्षाकडेच गेली. पक्ष न काढता केलेली अशी एकजूट हीच द्विपक्षीय मक्तेदारीला खरी टक्कर आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (सिडनीहून)

मी असहमत आहे. एकाच निधीतून पैसा, तेच मुद्दे आणि प्रचाराची तीच पद्धत असेल, तर तो पक्षच झाला. फरक एवढाच की त्याला जाहीरनामा नाही आणि त्याची जबाबदारी घेणारा नेता नाही. त्रिशंकू संसद आली तर आपला खासदार कोणाला पंतप्रधान करील, हे मतदाराला आधी कळायलाच हवे. शिवाय टक्कर बसली कुठे? २०२५ मध्ये लेबरने १५० पैकी ९४ जागा घेतल्या, आणि गोल्डस्टीनमध्ये झोई डॅनियल या टील खासदाराकडून लिबरल पक्षाने जागा परत मिळवली. श्रीमंत उपनगरांतील नाराज लिबरल मतदारांची ही चळवळ आहे. कष्टकरी वस्त्यांना तिच्यात स्थान नाही.

प्रतिसाद (पुण्याहून)

आपल्याकडे १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते, पण त्यांना बांधणारा समान कार्यक्रम नव्हता आणि त्यांच्यातील अनेकांचा पाठिंबा युती सरकारच्या कामी आला. आपल्या मतदानपद्धतीत पसंतीक्रम नसल्यामुळे अपक्षाला दिलेले मत नावडत्या उमेदवाराला तारू शकते, ही भीती खरी असते. त्यामुळे इंडीचे उदाहरण इथे जसेच्या तसे लागू होईल, असे मला वाटत नाही.

धागालेखक

पुण्याचा मुद्दा मला मान्य आहे; पसंतीक्रम नसता तर कूयाँगचा निकाल उलटा लागला असता. सिडनीच्या मित्रांना मात्र दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पश्चिम सिडनीतील फाउलर हा स्थलांतरितांचा, कष्टकऱ्यांचा आणि लेबरचा हक्काचा मतदारसंघ; २०२२ मध्ये पक्षाने तिथे बाहेरच्या उमेदवार क्रिस्टिना केनिली यांना उभे केले आणि लोकांनी डाय ली या स्थानिक अपक्षाला निवडले. त्या टील नव्हत्या, म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

दुसरे असे, की २०२५ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची सुमारे ३५ टक्के मतेच होती, आणि साधारण तिघांतील एका मतदाराने दोन्ही प्रमुख गटांबाहेर पहिली पसंती दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून निवडणूक खर्चाचा कायदा केला. त्यात एका मतदारसंघासाठी ८ लाख डॉलरची मर्यादा आहे, पण पक्षांना देशभरासाठी ९ कोटींची वेगळी मर्यादा आहे, म्हणजे उमेदवाराचे नाव न घेता पक्षाची जाहिरात त्याच मतदारसंघात करता येते. अपक्षाला ही सोय नाही. ज्यांच्यापासून काहीच धोका नाही, त्यांच्यासाठी असे नियम कोणी करत नाही.

प्रतिसाद (सिडनीहून)

फाउलरबाबत माझे विधान चुकले. खर्चाच्या मर्यादेतील ही विषमताही अन्यायकारक आहे. पण त्या कायद्यात देणग्यांवर घातलेली मर्यादा मला आवश्यक वाटते, कारण मूठभर धनिकांच्या पैशावर उभा असलेला अपक्षही पूर्ण स्वतंत्र नसतो. पंतप्रधानपदाच्या प्रश्नाला आपण अजून उत्तर दिलेले नाही. २०१० मध्ये दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा मिळाल्या, तेव्हा टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट या अपक्षांनी १७ दिवसांनंतर लेबरच्या ज्युलिया गिलार्ड यांना पाठिंबा दिला. त्या दोघांच्या ग्रामीण, पारंपरिक मतदारांपैकी किती जणांनी त्यासाठी मत दिले होते?

धागालेखक

त्याच संसदेने कार्बनवर किंमत लावणारा कायदा केला, आणि २०१४ मध्ये पूर्ण बहुमत असलेल्या सरकारने तो रद्द केला. प्रश्न रास्त आहे, आणि पाठिंबा कोणत्या अटींवर देणार हे उमेदवाराने मतदानापूर्वी लेखी जाहीर करावे, असे मी पुढच्या वेळी आमच्या मतदारसंघातील स्वयंसेवकांच्या बैठकीत मांडणार आहे. ब्रॅडफील्डमध्ये निकोलेट बोएली या अपक्ष २०२५ मध्ये केवळ २६ मतांनी जिंकल्या. इतक्या थोड्या मतांवर निवडून आलेल्या खासदाराने ही गोष्ट मतदारांपासून गुलदस्त्यात ठेवणे मलाही पटणार नाही.