जीआरबी वीस सेकंदात संपतो, मग लोक दोन-दोन आठवडे काय बघत बसतात?

वाईकर_आठइंची:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. फेब्रुवारीत पोरीला घेऊन खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो. तिथे एक मुलगा, पीएचडी करत असावा, सांगत होता की आम्ही गॅमा किरणांच्या स्फोटांचा (जीआरबी) पण पाठपुरावा करतो. मी विचारलं किती वेळ टिकतो हा स्फोट, तर म्हणे काही सेकंद, फार तर काही मिनिटं. आणि तुम्ही बघता कधी? तर म्हणे दहा-पंधरा दिवसांनी, कधी महिन्यांनी सुद्धा. आता मला सांगा, वरात गेली, पंगती उठल्या, मांडव सोडला, आणि मग हे जाऊन बघणार काय? मागून शाळेची पोरं ढकलत होती म्हणून पुढचं विचारायचं राहिलं. दुसरं म्हणजे माझ्याकडे ८ इंची डॉब (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे, असल्या प्रकारात आपल्यासारख्याला काही करता येतं का? हसू नका.

रेडिओवाला:
हसत नाही दादा, प्रश्न एकदम बरोबर आहे. गॅमा किरणं जी दिसतात ती फक्त सुरुवात. मोठा तारा कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, त्यातून प्रकाशाच्या जवळपास वेगाने झोत निघतो, आणि त्या झोताच्या आतल्या आत जी काय धुमश्चक्री होते ती गॅमा किरणांत दिसते, ती सेकंदात संपते. पण झोत संपत नाही ना! तो पुढे आजूबाजूच्या वायूत घुसतो, धक्क्याने इलेक्ट्रॉन पिसाळतात, चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि चमकायला लागतात, त्याला आफ्टरग्लो म्हणतात. आधी एक्सरेमध्ये जोरात, मग साध्या प्रकाशात, आणि झोत जसजसा मंदावतो तसतशी सगळी चमक खालच्या फ्रिक्वेन्सीला सरकत जाते. रेडिओचा नंबर शेवटी लागतो. त्यातही अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे जीएमआरटीच्या इलाक्यात, सुरुवातीला तो गोळा स्वतःचेच रेडिओ तरंग गिळून टाकतो, फुगून विरळ झाला की मग बाहेर पडतात. म्हणजे आम्ही उशिरा जातो असं नाही, आमची पंगतच शेवटची असते.

आणि उशिरा बघून काय मिळतं त्याची दोन उदाहरणं देतो. मे १९९७ मधला ९७०५०८ हा पहिला जीआरबी ज्याचा रेडिओ आफ्टरग्लो सापडला, अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवर. तो पहिले काही आठवडे लुकलुकत होता, तारे लुकलुकतात तसा, फक्त इथे हवेमुळे नाही तर आपल्या आकाशगंगेतल्या वायूमुळे. साधारण महिन्याभराने लुकलुक थांबली. लहान ठिपका लुकलुकतो, मोठी चकती लुकलुकत नाही, ग्रह-ताऱ्यांचा फरक माहितीच असेल. म्हणजे ती गोष्ट महिन्याभरात फुगून एवढी मोठी झाली की लुकलुक बंद! त्यावरून तिचा आकार काढला आणि ती जवळपास प्रकाशाच्या वेगाने पसरतेय हे कळलं. दुर्बिणीत जे अजून ठिपकाच दिसतंय त्याचा आकार मोजला राव त्यांनी.

दुसरं २०१७ च्या ऑगस्टमधलं. दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) मिळाल्यावर १.७ सेकंदांनी फर्मी या गॅमा किरणांच्या सॅटेलाइटला गॅमा किरणं दिसली, अकराएक तासांत साध्या प्रकाशात ठिकाण सापडलं, पण एक्सरे ९ दिवसांनी आणि रेडिओ तब्बल १६ दिवसांनी. आणि नंतर तो रेडिओ पाचेक महिने वाढतच गेला. झोत आपल्याकडे सरळ नव्हता, तिरका होता, म्हणून. पंधरा दिवसांनी कंटाळून दुकान बंद केलं असतं तर हातात काहीच नसतं आलं.

तुम्ही गेलात ते प्रदर्शन २८ फेब्रुवारीच्या सुमाराला असतं ना, विज्ञान दिनाला? पहिला आफ्टरग्लो ज्या जीआरबीचा सापडला तो २८ फेब्रुवारी १९९७ चाच, बेपोसॅक्स नावाच्या इटालियन-डच सॅटेलाइटने पकडलेला. त्याआधी ३० वर्षं, म्हणजे १९६७ ला अमेरिकेच्या वेला सॅटेलाइटनी (ते खरंतर चोरून होणाऱ्या अणुचाचण्या पकडायला सोडले होते) पहिला स्फोट टिपला तेव्हापासून, हे आपल्या आकाशगंगेतलं की बाहेरचं एवढं सुद्धा नक्की नव्हतं.

सुगरण_पण_खगोलप्रेमी:
मध्येच बोलते. २०२२ मध्ये बातमी आली होती ना, आजवरचा सगळ्यात तेजस्वी जीआरबी, तारीख ९ ऑक्टोबर. मला तारीख पक्की लक्षात आहे कारण ती कोजागिरी होती आणि रविवार होता. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवत होतो, चारोळी विसरली म्हणून मी दोनदा खाली-वर केलं. तर माझा प्रश्न असा की तो स्फोट झाला तेव्हा आपल्या बाजूला होता की पृथ्वीच्या पलीकडे?

आकडेमोड:
ताई, तुमचा प्रश्न वाचून कॅल्क्युलेटर काढला. फर्मीचा ट्रिगर, म्हणजे स्फोट टिपल्याची नोंद, आपल्या घड्याळाने संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी. जागा सॅजिटा म्हणजे बाण नावाचा तारकासमूह, श्रवण ताऱ्याच्या जरा वर. विषुवांश १९ तास १३ मिनिटं, क्रांती साधारण १९.८ अंश उत्तर (आकाशातले रेखांश-अक्षांश समजा). त्या क्षणी ग्रिनिचचा नाक्षत्र वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या माथ्यावरून जाणारा विषुवांश, साडेचौदा तास. वजाबाकी करून तासाला १५ अंश धरले की ७०.७ अंश पूर्व रेखांश येतो. म्हणजे त्या क्षणी तो स्फोट अगदी डोक्यावर होता अरबी समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास! मुंबई-पुण्यातून बघाल तर शिरोबिंदूपासून दोन-तीन अंशांवर. हिशोब तीनदा तपासला, चुकलं असेल तर सांगा.

म्हणजे तुम्ही दूध ढवळत होतात, चंद्र पूर्वेला वर आलेला, आणि दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेला तो पूर बरोब्बर टाळूवर पडत होता. खाली काही पोचलं नाही अर्थात, गॅमा किरणं वरच्या हवेतच अडतात, म्हणून तर सॅटेलाइट लागतात. पण आयनोस्फिअर (वरच्या हवेतला विद्युतभारित थर) हलला, कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ सिग्नलमध्ये तो धक्का नोंदला गेलाय, सौर ज्वालेनंतर होतो तसा. चीनच्या ल्हासो वेधशाळेने (४४०० मीटर उंचीवर आहे) त्यातले ६४ हजारांवर अतिऊर्जावान फोटॉन मोजले, म्हणजे फोटॉन थेट नाही, त्यांनी हवेत उडवलेल्या कणांच्या सरी. फर्मीचे डिटेक्टर तर तुडुंब भरून गेले, असला पाऊस दहा हजार वर्षांत एकदा असा अंदाज आहे.

सुगरण_पण_खगोलप्रेमी:
अगं बाई. आणि मी चारोळी शोधत होते.

रेडिओवाला:
त्या दिवसाची खरी गंमत पुढेच आहे. फर्मीला आकाशाचा बराच भाग एकदम दिसतो पण जागा ढोबळ सांगता येते, काही अंश इकडे-तिकडे, आणि एक अंश म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी-शेजारी. जागा पक्की करायला लागतो स्विफ्ट हा दुसरा सॅटेलाइट, २००४ पासून वर आहे. त्याच्या एका दुर्बिणीवर भोकाभोकांचा शिशाचा पडदा आहे, गॅमा किरणांना भिंगाने गोळा करता येत नाही म्हणून त्या पडद्याची सावली डिटेक्टरवर कशी पडली त्यावरून दिशा काढायची. मग सॅटेलाइट स्वतःच मिनिट-दीड मिनिटात त्या दिशेला वळतो, एक्सरे दुर्बीण लावतो आणि काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जागा देतो. जगभरच्या लोकांना सेकंदात अलर्ट जातो, जीसीएन नावाचं नेटवर्क आहे.

तर त्या रविवारी स्विफ्टला मुख्य स्फोट दिसलाच नाही. त्याने अलर्ट दिला ५३ मिनिटांनी, ७:४० ला, आणि तो आफ्टरग्लोवर! आफ्टरग्लोच एवढा जोरात की ट्रिगर बसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आपल्याच आकाशगंगेतलं काहीतरी भडकलंय, नाव पण तसंच ठेवलं. नंतर फर्मीच्या नोंदीशी जुळवल्यावर डोक्यात प्रकाश पडला, आणि चिलीच्या व्हीएलटी दुर्बिणीने रेडशिफ्ट (प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, त्यावरून अंतर कळतं) ०.१५१ काढल्यावर शंका मिटली.

देशी_अलर्ट_कुठाय:
सगळं फर्मी, स्विफ्ट, चीन. आपला ॲस्ट्रोसॅट काय करत होता? की नुसत्या बातम्या?

आकडेमोड:
ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या एक्सरे कॅमेऱ्याला तो दिसला होता भाऊ. रागावण्याआधी एक समजून घ्या, तो अलर्ट देणारा सॅटेलाइटच नाही. डेटा फेरीगणिक बेंगळुरूला उतरतो, मग पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन केंद्रात तपासला जातो, तोवर वेळ जातोच. पण १०० केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) वर त्याच्या भिंती पारदर्शक होतात, त्यामुळे समोरचं सोडा, बाजूचे आणि मागचे स्फोट पण त्यात उमटतात. ६ ऑक्टोबर २०१५ ला चालू केला आणि त्याच दिवशी पहिला जीआरबी मिळाला. मुख्य काम पोलरायझेशन, म्हणजे किरणांची कंपनं कुठल्या दिशेत होतात ते मोजणं, ते स्विफ्टला जमत नाही.

आणि एक किस्सा मला फार आवडतो. जानेवारी २०१७ ला लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेला गुरुत्वीय लहर मिळाली, लगेच हवाईच्या ॲटलास दुर्बिणीला त्याच भागात झपाट्याने मंद होणारा एक ठिपका सापडला, आता दोन कृष्णविवरं धडकून प्रकाश निघाला म्हटल्यावर नोबेलचीच गोष्ट की! तर सीझेडटीआयच्या डेटात दुसऱ्या दिवशीचा एक वेगळाच जीआरबी निघाला आणि तो ठिपका त्याचा आफ्टरग्लो आहे हे दाखवून दिलं. लहरीशी काही संबंध नव्हता. लोकांना नवीन शोध लावणारे आवडतात, मला ही नात्याची पडताळणी करणारी माणसं जास्त आवडतात. बाकी जमिनीवर आपल्याकडे हानलेला ग्रोथ-इंडियाची ७० सेंमी दुर्बीण आहे, आयआयए (भारतीय खगोलभौतिकी संस्था) आणि आयआयटी मुंबईची, ती या कामासाठीच, आणि नैनितालजवळ देवस्थळची ३.६ मीटर. इथे पावसाळ्यात चार महिने आपण ढग मोजत बसतो तेव्हा लडाखचा फार उपयोग होतो. जीएमआरटीला ढगांचं काही नाही म्हणा.

रात्रपाळी:
मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सगळे विसरले. वाईकर काका, डॉबने डोळ्याने जीआरबी बघणं जवळपास अशक्य. २००८ च्या मार्चमध्ये एक स्फोट मिनिटभरापेक्षा कमी वेळ ५.३ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं मंद) गेला होता, साडेसातशे कोटी प्रकाशवर्षांवरून नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका, पण त्या मिनिटाला तिकडेच बघत असायला नशीब पाहिजे. कोजागिरीवाला स्विफ्टने बघितला तेव्हा साडेसोळाव्या प्रतीचा होता. ते कॅमेऱ्याचं काम, आणि त्याला मोटरने फिरणारा माउंट (दुर्बिणीची बैठक) लागतो. तो असेल तर ८ इंच पुरतात हो, दोन-दोन मिनिटांचे फोटो काढून एकावर एक रचायचे. २००३ ला दक्षिण आफ्रिकेतल्या बर्टो मोनार्ड नावाच्या हौशी माणसाने घरच्या वेधशाळेतून आफ्टरग्लो शोधून काढला होता, शोधला बरं का, नुसता बघितला नाही. जीसीएनचे अलर्ट फुकट आहेत, पण सगळे लावू नका, फर्मीचे रात्री-बेरात्री येतात आणि एवढ्या मोठ्या तुकड्यात तुम्ही काय शोधणार? स्विफ्टचे लावा आणि आता २०२४ पासून चीन-फ्रान्सचा एसव्हॉम सॅटेलाइट आहे त्याचे. फोटोतली वेळ सेकंदापर्यंत बरोबर पाहिजे, त्यावर सगळं अवलंबून. घड्याळ बघून अंदाजे लिहिलेलं चालत नाही, मी एकदा लिहिलं होतं आणि फार बोलणी खाल्ली.

वाईकर_आठइंची:
मंडळी, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. लुकलुक थांबली म्हणून आकार कळला, हे पोरीला सांगितलं तर ती आता रोज रात्री शनी लुकलुकतो का ते बघतेय. भाच्याकडे साताऱ्याला मोटरवाला माउंट धूळ खात पडलाय, त्याला फोन केला, म्हणतो घेऊन जा पण मोटर एका बाजूने अडकते. आधी सोळाव्या प्रतीचा एखादा साधा तारा तरी फोटोत येतो का ते पाचगणीच्या बाजूला जाऊन बघणार, अमावास्येला. रात्रपाळी, ती वेळ सेकंदापर्यंत बरोबर ठेवायला लॅपटॉपवर काय लावता ते जरा सांगा.