फुकटची मैफल: नक्की कुणाला फुकट?

गुलमंडीकर:
परवा संभाजीनगरात एका कॅफेच्या गच्चीवर नव्या पोरापोरींची गाण्याची रात्र झाली. गिटार, कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका), एक युकुलेली (छोटी गिटारच). गाणी सगळी स्वतःची. प्रवेश मोफत. वाळूजला शिफ्ट संपवून आलेल्या एकानं आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यावर गाणं केलंय. दुसऱ्या कडव्यापासून सगळी गच्ची ‘पाणी सुटलं’ म्हणून ओरडत होती. तिकीट असतं तर मी गेलोच नसतो, खरं सांगतो. अनोळखी नावाला २०० रुपये कोण काढतं? नव्यांच्या मैफली फुकटच हव्यात.

परभणीचा तबलजी:
कॉफी फुकट होती का? साउंडवाल्यानं भाडं सोडलं का? मी अशा ३ रात्री वाजवल्यात. रेल्वेचं भाडं पदरचं, मानधन म्हणून एक सँडविच, वर ‘तुमचं नाव होईल’. सिनेमाची गाणी ठेवली तर मालकाला आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा, परवाना काढावा लागतो. पोरं स्वतःचं गातात, म्हणजे बहुतेक वेळा त्याचा तोही खर्च वाचतो!

लातूरकरीण:
आमच्याकडं अशी एक बी रात्र होईना, आन् तुम्ही मानधनावरून भांडायलेत.

गोदाकाठ:
ताई, भांडायलाच पाहिजे. सप्ताहातलं कीर्तन ऐकायला कुणी तिकीट काढतं का? तरी महाराजांची बिदागी तारीख घेतानाच ठरते, त्यासाठी गावात घरटी पट्टी गोळा होते, मृदंगवाल्याचं पाकीट वेगळं. नाथांची भारुडं आमच्या पैठणात कुणी तिकीट लावून ऐकवली नाहीत, पण भारूड करणाऱ्याला उपाशी धाडलं असंही नाही. ऐकणाऱ्याला फुकट आणि गाणाऱ्यानं फुकट, यातली गल्लत कॅफेवाल्यांच्या सोयीची आहे. आणि तिकिटाला लोक बिचकतात म्हणावं, तर वेरूळ-अजिंठा महोत्सवाला सोनेरी महालात पैसे मोजून बसतातच की.

गुलमंडीकर:
तिथं नावं मोठी असतात हो. आणि पट्टी द्यायला गाव लागतो. कॅफेत गाव कुठून आणू?

परभणीचा तबलजी:
मग आरतीचं ताट फिरवा. ताटात क्यूआर ठेवा.

मागची गल्ली:
मी शेजारीच राहतो, त्यामुळं मीही फुकटच ऐकलं. पावणेअकरापर्यंत! रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, हा नियम २००० सालापासून आहे. पाण्याचं गाणं मात्र बरं होतं.

लातूरकरीण:
ताटात धाची नोट टाकतील आन् गाणाऱ्यासंगं चार सेल्फी काढतील. बघा तुम्ही.

गुलमंडीकर:
आज मालकाला विचारून आलो. प्रत्येक कॉफीमागं २० रुपये गाणाऱ्यांचे, आणि १० ला स्पीकर बंद. ‘बघू’ म्हणाला.

परभणीचा तबलजी:
‘बघू’ म्हणजे किती रुपये?