मिरचीच्या रोपांना ट्रे किती कपांचा घ्यावा?

काळीमाती:
राम राम मंडळी. यंदा मिरचीची रोपं नर्सरीतून न आणता घरच्या शेडनेटमधेच करायचा विचार आहे. दुकानात ५०, ७०, ९८, १०४ कपांचे ट्रे दाखवले, बाहेरून सगळे सारखेच दिसतात. ९८ वाला परवडतो, रोपं जास्त बसतात आणि रोपामागं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी लागतं. पण कपाने रोपात खरंच काही फरक पडतो का?

शेडनेटवाला:
पडतो की. ट्रे तेवढाच आणि कप जास्त म्हणजे एकेक कप बारीक होणार, मुळांना जागा कमी, आणि वर पानं एकमेकांना खेटली की उजेडासाठी रोपं नुसती उंच पळतात, दांडा सुतळीसारखा. टोमॅटो २५-३० दिवसांत निघतो त्याला ९८ चालतो. मिरची ३५-४० दिवस बसते, त्यात पावसाने लागवड लांबली की खालची पानं पिवळी पडलीच म्हणून समजा. लागवडीची तारीख पक्की असेल तर ९८ घ्या, नाहीतर ७०.

विहीरकाठ:
कप सगळेच मोजतात, खोली कोण बघत नाही. पाणी दिल्यावर कपाच्या तळाला ओला थर राहतोच, कप उथळ असला की त्या थराने बराचसा कप भरतो, मुळाला हवा मिळत नाही आणि मर लागते, म्हणजे रोपं कोलमडून मरतात. अजून एक, घेताना कपात बोट घालून बघा आतून उभ्या रेघा आहेत का, गुळगुळीत गोल कपात मुळं गोल गोल फिरत बसतात. खालचं भोक पण चांगलं मोठं पाहिजे.

काळीमाती:
भोक मोठं असलं तर कोकोपीट गळणार नाही का दादा?

शेडनेटवाला:
ओलं करून भरा, नाही गळत. मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये. आणि ट्रे जमिनीवर नका मांडू, मुळं भोकातून मातीत उतरतात आणि उचलताना तटातट तुटतात. विटांवर जाळी टाकून वर ठेवले की भोकाशी आलेलं मुळाचं टोक हवेने वाळतं, मग आतल्या आत बाजूची मुळं फुटतात, मुळं आणि कोकोपीटचा गड्डा घट्ट होतो.

गावरानतिखट:
कडेचे कप आधी सुकतात बरं का भाऊ, तिथं झारीने वेगळं पाणी द्या नाहीतर कडेची रोपं बुटकीच राहतात. लागवडीआधी एखादं रोप दांड्याला धरून हळूच ओढून बघा, गड्डा पांढऱ्या मुळांसकट अख्खा निघाला तर लावा, फुटला तर अजून चार दिवस थांबा.