गावच्या जिल्हा परिषद शाळेचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न: करवीर तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची माहितीपुस्तिका आम्ही माजी विद्यार्थी तयार करीत आहोत. परिपाठ, शालेय पोषण आहार, शिष्यवृत्तीचे जादा तास यांची माहिती जमली आहे; जुना इतिहास मात्र कोठे शोधावा?

उत्तर १: मुख्याध्यापकांच्या कपाटातील दाखल-खारीज रजिस्टर आधी पाहावे. आमच्या शाळेत त्याची सुरुवातीची पाने मोडी लिपीत लिहिलेली निघाली आणि शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ओळीने ‘शेतकाम’ लिहिलेले आढळले.

उत्तर २: कोल्हापूर संस्थानाचा संदर्भ वगळू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरवला (त्या काळी ही रक्कम लहान नव्हती) आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. ‘मूल्ये’ या प्रकरणात सुविचारांची यादी छापण्यापेक्षा हे लिहिणे मला अधिक योग्य वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोमवारी रजिस्टर पाहतो. मोडी वाचता येणारे एक आजोबा शेजारच्याच गल्लीत राहतात.